दोआनदादांचा कान

न्यात ताओच्या बाजारात दोआनदादांपेक्षा त्यांचा कान जास्त प्रसिद्ध होता. लोक यायचे ते कानाला भेटायला. दादा कानासोबत असायचेच, म्हणून त्यांच्यापुढेही मान लववायचे.

दादांचा धंदा जोड्या जमवण्याचा. जुन्या स्पीकरला कुठला अ‍ॅम्प्लिफायर मानवेल ते सांगायचं. एवढ्यावर सायगॉनमध्ये कुणाचं पोट भरतं हे बाहेरच्याला खरं वाटत नाही, पण आमच्या बाजारात ते भरतं. जपानहून कंटेनर भरभरून जुना माल येतो. तिकडे म्हातारा गेला की त्याची मुलं त्याचे लाडके स्पीकर रस्त्यावर ठेवतात. इकडे दातांचे डॉक्टर, कस्टममधून निवृत्त झालेले साहेब आणि सिमेंटचे व्यापारी ते कपाळाला लावून घरी नेतात. घरी नेल्यावर कळतं की आवाज काही मनासारखा येत नाही. स्पीकर साठ वर्षांचा आणि अ‍ॅम्प्लिफायर परवाचा. एकाला गोंजारून घ्यायची सवय, दुसऱ्याला दणके द्यायची. संसार व्हायचा कसा? मग धावायचं दादांकडे.

मी साउ. दादांच्या शेजारच्या टपरीत ट्रान्सफॉर्मर गुंडाळतो. जपानी माल शंभर व्होल्टवर चालतो आणि आमच्या भिंतीतून दोनशेवीस येतात. या एका फरकावर माझी तीन मुलं शिकली, तेव्हा दोन्ही देशांचं भलं होवो. दादांच्या आणि माझ्या टपरीत एक पत्रा आहे आणि त्याला भोक आहे. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलेलं सांगतोय.

दादांची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाइकाला बाकावर बसवायचं, गाणं लावायचं, डोळे मिटायचे, हनुवटी वर करायची आणि देवळातल्या मूर्तीसारखं स्तब्ध व्हायचं. तेवढ्यात थोआवहिनी, म्हणजे दादांची बायको, बर्फाचा चहा घेऊन यायच्या. गल्लीच्या तोंडाशीच त्यांची कणीच्या भाताची गाडी होती. भाजलेल्या डुकराच्या मांसाचा धूर पदरासारखा अंगाभोवती घेऊन त्या आत यायच्या, ग्लास दादांपुढे ठेवायच्या, फडक्याला हात पुसत परत जायच्या. दादा डोळे उघडायचे, एक घोट घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "जमलं." किंवा, "नाही. ही बैलं या गाडीची नव्हेत."

निकाल चुकला असं कुणी कधी म्हटलं नाही. यातली गोम माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली, आणि मी तर पत्र्याला डोळा लावून बसणारा माणूस. ग्लास दादांच्या उजव्या हाताला आला की जमलं. डाव्या हाताला आला की नाही जमलं. आणि वहिनी ग्लास न ठेवता तशाच मागे फिरल्या की वायरी उलट्या जोडल्यात.

कारण दादांना ऐकू येत नव्हतं. अगदी ठार बहिरे नव्हेत. समोर उभं राहून बोललेलं कळायचं, ट्रकचा हॉर्न कळायचा. पण तरुणपणी लग्नाच्या मांडवांत भोंगे लावायचं काम त्यांनी पंधरा वर्षं केलं होतं, आणि वाजते आहेत की नाही हे बघायला त्यांच्या तोंडाशीच उभे राहायचे. गाण्यातला वरचा मजला त्यांच्यासाठी तेव्हाच बंद झाला. दादांनी हे कुणाला सांगितलं नाही. वहिनींनाही सांगितलं नसावं. वहिनींनी विचारलंही नसावं. एक दिवस ग्लास उजवीकडे आला असेल, दुसऱ्या दिवशी डावीकडे, आणि संसार सुरळीत चालू राहिला.

मग एका मासिकाचा माणूस आला. दादांचे फोटो काढले, डोळे उघडे ठेवून आणि मिटून. जाता जाता त्यानं विचारलं, "घरात वहिनींनाही गाण्याचा कान असेल ना?"

दादा दिलखुलास हसले. "तिला? अहो, तिला मांस करपल्याचा आवाज कळतो. बायकांच्या कानाला खर्ज म्हणून लागत नाही. निसर्गच तसा आहे, त्याला आपण काय करणार!"

हे सगळं छापून आलं. दादांनी ते पान प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलं आणि दारातच टांगलं. अशा जागी, की चहा घेऊन येणाऱ्याच्या ते बरोबर नाकासमोर यावं.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. गाणं लागलं. डोळे मिटले. वहिनी आल्या, ग्लास ठेवला, गेल्या. दादांनी डोळे उघडले.

ग्लास बरोबर मधोमध होता.

दादांनी ग्लासकडे पाहिलं. मग उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. फूटपट्टी लावून ठेवल्यासारखा तो मधोमध होता. घोट घेऊन दादा म्हणाले, "हं... हे जरा दोन दिवस ऐकायला हवं." आयुष्यात पहिल्यांदा कानानं मुदत मागितली.

दोन दिवसांनीही ग्लास मधोमधच. आठवडाभर मधोमध. वहिनी चिडल्या होत्या असं म्हणावं, तर चहात बर्फ नेहमीएवढाच, लिंबू नेहमीएवढंच. दादांचा डबाही वेळेवर यायचा. पण ग्लास कुठल्याच बाजूचा नव्हता.

नेमका त्याच आठवड्यात लुओंगशेठ आला. हा थू डुककडचा इमारतींचा ठेकेदार. एवढा मोठा, की त्यानं बांधलेल्या पुलावरून तो स्वतः कधी जात नसे. सा डेकचं जुनं थिएटर त्यानंच पाडलं होतं आणि पडद्यामागचे स्पीकर स्वतःसाठी ठेवून घेतले होते. फ्रिजएवढी दोन लाकडी खोकी, वर मोठे कर्णे.

"दादा," लुओंगशेठ म्हणाला, "यांना शोभेल असं काहीतरी द्या. माझ्या घराकडे बघून द्या."

वास्तविक असल्या स्पीकरना काय लागतं हे माझ्यासारखा तारा गुंडाळणाराही सांगेल. ते ज्या काळात बनले त्या काळात अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जोरच नसायचा, म्हणून ते कुजबुजीवर थिएटर भरायला शिकलेले. त्यांना चार-आठ वॅटचा, व्हॉल्व्हचा, मऊ हाताचा सोबती हवा. पण दादा ग्लासकडे बघत होते आणि ग्लास मधोमध होता. मग त्यांनी लुओंगशेठच्या घराकडे बघून सोबती दिले. तीनशे वॅटचे दोन, प्रत्येक जण वयात आलेल्या डुकराएवढा, पुढे निळा दिवा आणि त्यात नाचणारे काटे.

जोडणीच्या दिवशी शेठनं आपलं श्रवण मंडळ बोलावलं. त्यात ते दातांचे डॉक्टर होते आणि कस्टमचे साहेबही. दादांनी वहिनींना आणलं होतं, "वायरी धरायला". मला आणलं होतं डुकरं उचलायला. कोपऱ्यात झुल्यावर लुओंगशेठची आई पडली होती, ब्याऐंशी वर्षांची.

गाणं लागलं. दक्षिणेकडचं जुनं रडगाणं, गाणारी बाई नवऱ्याची वाट बघतेय. पण बाईच्या आधी एक सळसळ आली, ती खोलीभर पसरून बसली, आणि मग बाई आली ती पत्र्याच्या डब्यात तोंड घालून. वहिनींनी थर्मासमधला चहा दादांपुढे ठेवला. मधोमध.

दादांनी डोळे उघडले, कपाळावर घाम. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत. ते म्हणाले, "जमलं."

"अहाहा," डॉक्टर म्हणाले, "काय खोली आहे!"

"मला तर गाणाऱ्या बाईच्या मागची भिंत दिसली," साहेब म्हणाले.

"कसली भिंत?" शेठनं हौसेनं विचारलं.

"विटांची," साहेब म्हणाले. अनुभवी माणूस.

झुल्यावरून म्हातारीचा आवाज आला. "काय रे लुओंग, गाणारीला पडसं झालंय का? आणि तिच्या मागे मासे कोण तळतंय?"

मंडळ मोकळेपणानं हसलं. वडीलधाऱ्यांच्या अज्ञानावर हसावं तसं, आदर राखून. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तोंड वाकडं करून दुसरीकडे वळवलं.

पुढचे तीन आठवडे बाजारात बातम्या येत होत्या. शेठचं डोकं दुखतं. शेठचा कुत्रा गाणं लागलं की पलंगाखाली जातो. म्हातारीनं झुला मागच्या अंगणात बांधून घेतला. शेठनं दादांना फोन केला तेव्हा दादा म्हणाले, "स्पीकर अजून खुलले नाहीत. तीनशे तास वाजू द्या. धीर धरा." फोनवर त्यांना शेठचं निम्मंच ऐकू आलं असणार, पण या उत्तराला प्रश्न लागत नाही.

एक दिवस सकाळी भाड्याच्या मोटारसायकलवरून म्हातारी वहिनींच्या गाडीसमोर उतरली. मी भात खात होतो. तिनं कुणाची विचारपूस केली नाही, सरळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पोरी, त्या दिवशी तू तोंड वाकडं केलंस. मी पाहिलं."

"नाही हो मावशी," वहिनी मांस उलटत म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं."

"मासे ऐकलेस की नाही?"

वहिनींनी आणखी एक तुकडा उलटला. मग म्हणाल्या, "ऐकले."

"तळत होते ना?"

"चांगले कुरकुरीत."

"मग?" म्हातारी म्हणाली. "माझं काय चुकलंय? सा डेकच्या त्या थिएटरात मी लग्नाआधीपासून जायचे. याच भोंग्यांतून बाई गायची तेव्हा पुढच्या रांगेतले पुरुष नाक शिंकरायचे. आता बाईच शिंकरते. आणि माझा शहाणा मुलगा म्हणतो, आई, तीनशे तास थांब. या वयात मला कुणी तीनशे तास थांब म्हणतं का?"

वहिनींनी तिच्यापुढे ताट ठेवलं, मांसाचा मऊ तुकडा बघून कापून दिला. मग माझ्याकडे वळल्या. "साउ, तुमच्या फळीखाली तो जपानी रेडिओग्रामचा अ‍ॅम्प्लिफायर आहे ना? गेल्या पावसाळ्यात दुरुस्त केलात तो?"

"आहे. आठ वॅटचा. पण वहिनी, त्याला पाटीसुद्धा नाही. कुणी बनवला तेही माहीत नाही."

"सोळा ओहमचं टोक आहे त्याला? थिएटरच्या स्पीकरना तेच लागतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. चहा ठेवायला आत यायचं, अर्धं मिनिट थांबायचं, बाहेर जायचं. वीस वर्षांत या बाईनं किती काय उचललं होतं! म्हटलं, "आहे."

"मग चला. भात संपवा आधी."

शेठ साइटवर होता. आम्ही तिघं गेलो. पुढचं काम मी केलं, पण डोकं दोघी बायकांचं. मोठ्या डुकरांना तसंच चालू ठेवलं, गाणं त्यांच्याकडेही जात होतं, निळ्या दिव्यात काटेही नाचत होते. फक्त त्यांच्या आणि स्पीकरच्या मधली वायर मी काढली. स्पीकरला जोडला तो आठ वॅटचा, खोक्यामागे जमिनीवर, शेजारी माझा ट्रान्सफॉर्मर.

गाणं लावलं. सळसळ नव्हती. मग बाई आली. आली म्हणजे खोलीतच आली, हातातली पिशवी खाली ठेवून दमून बसावी तशी. गाणं संपल्यावर म्हातारीनं नाक शिंकरलं आणि मला म्हणाली, "झुला आत आणून बांध."

संध्याकाळी शेठ घरी आला, दारात थबकला. "आई, हे काय झालं?"

"तीनशे तास झाले," म्हातारी म्हणाली.

शेठनं त्याच पावली दादांना फोन केला आणि रविवारी मंडळ पुन्हा बोलावलं. दादांना हे खरं तर अनपेक्षित होतं, कारण आपण सांगितलेलं खरं ठरतं हा अनुभव त्यांना अलीकडे नव्हता. पण ते इस्त्रीचा सदरा घालून आले. गाणं लागलं, डोळे मिटले, वहिनींनी ग्लास ठेवला.

उजवीकडे.

दादा त्या ग्लासकडे जत्रेत हरवलेलं मूल सापडल्यासारखे बघत राहिले. मग छाती भरून म्हणाले, "जमलं!"

"पण मी तर पहिल्याच दिवशी म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले.

साहेबांना पुन्हा भिंत दिसली. या वेळी तिला गिलावा झाला होता.

कौतुकाच्या भरात दादा उठले आणि वायरी तपासायला खोक्यामागे गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय झालं दादा?" शेठनं विचारलं.

"काही नाही. वायर पाहिली." ते वहिनींकडे बघत होते. "वायर चांगली आहे."

परतताना ती दोघं एका मोटारसायकलवर, मी माझ्या. पुलाआधीच्या सिग्नलला आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. दादांशी बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून तो अख्खा सिग्नल पुढचं बोलणं ऐकत होता.

"किती वॅटचा?" दादांनी मान न वळवता विचारलं.

"आठ!"

"कुणाचा?"

"पाटी नाही!"

दादांनी आरशाचा कोन बदलला. "मला ऐकू येत नाही हे तुला केव्हापासून माहीत होतं?"

"थोरली महिन्याची झाली तेव्हापासून! पूजेला आलेल्या पाहुण्यांसमोर ती ठणाणा करत होती आणि तुम्ही म्हणालात, किती शांत पोर आहे!"

शेजारी रिकामे सिलेंडर घेऊन निघालेल्या माणसाला हसू आवरलं नाही. दिवा हिरवा झाला तरी दादांनी गाडी पुढे काढली नाही. मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. तेवढे त्यांना ऐकू आले.

पुढच्या महिन्यात दादांनी कानाचं यंत्र घेतलं. घेतलं म्हणजे वहिनींनी इस्पितळात नेऊन बसवलं आणि डॉक्टरांशी त्याच बोलल्या. यंत्र लावून दादा दुकानात आले, दिवाणखान्यात पाहुण्यानं बसावं तसे अंग चोरून बसले. पत्र्यावर पाल चुकचुकली तर दचकले. मग त्यांनी दुकानातली मानाची जोडी लावली. जिचं दर्शन घ्यायला लोक पार दक्षिण टोकाच्या का मौपासून येत, ती.

दहा सेकंदांत ते पत्र्याच्या भोकाशी आले. "साउ! हे काय आहे?"

"तुमची मानाची जोडी."

"हे असं वाजतं? पत्रा कापल्यासारखं? कुणा गाढवानं जुळवलंय हे?"

"तुम्हीच," मी म्हणालो. "वहिनी आईच्या आजारपणात बेन त्रेला गेल्या होत्या ना महिनाभर? तेव्हा."

"आणि अकरा वर्षं लोक हिच्या पाया पडतायत?"

"तीनशे तास केव्हाच होऊन गेले दादा. आता काय खुलायचं राहिलंय?"

दादांनी स्विच बंद केला. त्या दिवशी त्यांनी दारातलं मासिकाचं पान उतरवलं आणि त्या जागी तांदळाच्या दुकानाचं कॅलेंडर लावलं. ग्लास तेव्हापासून एका ताटलीत येतो, आणि वहिनी ताटली ठेवून बाकावर बसतात. गिऱ्हाइकासमोर दादा विचारतात, "काय वाटतं?" आणि त्या सांगतात. पहिल्या-पहिल्यांदा गिऱ्हाइकांना वाटायचं, दादा बायकोची थट्टा करतायत. वहिनींनी सांगितलेलं दोनदा खरं ठरल्यावर गिऱ्हाइकं परस्पर भाताच्या गाडीवरच जायला लागली. वहिनी मत देतात, पण ताट संपवल्यावर. अर्धं टाकून उठणाऱ्याच्या स्पीकरबद्दल त्या बोलत नाहीत.

लुओंगशेठकडचं बिंग टेट सणाच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या साफसफाईत फुटलं. मोलकरणीनं खोक्यामागे झाडू घातला, छोट्याची वायर निघाली, आणि निळ्या दिव्यात काटे नाचतायत पण घरात चिडीचूप. शेठनं वाकून पाहिलं. आम्हाला वाटलं, आता हा ठेकेदार आपल्या माणसांसह बाजारात येणार. आला नाही. माणूस मोठा होता. मोठी माणसं फसत नाहीत, त्यांचा दृष्टिकोन बदलतो. त्यानं आठ वॅटवाल्याला गुलाबी लाकडाची पेटी करून घेतली आणि मंडळाला बोलावून सांगितलं, की खरा जाणकार कमी वॅटवरून ओळखावा, हे आपल्या मनात बऱ्याच दिवसांपासून होतं. डॉक्टरांच्याही होतं. साहेबांच्याही होतं. महिनाभरात न्यात ताओमध्ये मोडक्या रेडिओग्रामचा दुष्काळ पडला. दोन डुकरं शेठनं देऊन टाकली ती कस्टमच्या साहेबांना, आणि साहेबांना त्यांच्यातूनही भिंत दिसते.

म्हातारीला यातलं काही सांगायला कुणी गेलं नाही. ती झुल्यावर पडून गाणं ऐकते आणि अंगठ्यानं जमिनीला टेकू देत झोके घेते.

दुपारी गर्दी ओसरली की दादा हल्ली वहिनींच्या गाडीवर येतात आणि ताटल्या विसळायला बसतात. कानात यंत्र. दर दोन मिनिटांनी कपाळाला आठी.

"किती आदळतेस भांडी! चरचर, खणखण. वरचे सूर नुसते टोचतात."

"मग काढून ठेवा ना ते कानातलं," वहिनी म्हणतात.

"बघू," असं म्हणून दादा पुढची ताटली घेतात. यंत्र काढत नाहीत.